सहज आलेले पाव्हणे

मारोतराव तुम्हाला पहिल्यांदा भेटले, तर समोरचा चहा निवायच्या आत तुम्ही त्यांचे नातेवाईक झालेले असाल. यात तुमच्या इच्छेचा काही संबंध नाही. ते आधी तुमचं गाव विचारतील, मग मामाचं गाव, मग बहीण कुठं दिली ते. तेवढ्यावर त्यांचं भागतं. डोळे बारीक करून ते छताकडं बघतात, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात आणि मांडीवर थाप मारून जाहीर करतात, "घ्या. तुमी तर घरचेच निघाले."

कनेरगाव नाक्यावर एकदा पोलिसाने आमची मोटारसायकल अडवली. हेल्मेट नव्हतं, लायसन घरी होतं. मी खिसे चाचपण्याचं नाटक करत होतो, तोवर मागे बसलेल्या मारोतरावांनी खाली उतरून त्याचं गाव काढलं होतं. तो सेनगावकडचा निघाला. त्याच्या थोरल्या वहिनीची आतेबहीण यांच्या साडूच्या पुतण्याला दिलेली. पोलिसाने आम्हाला ढाब्यावर चहा पाजला, निघताना मारोतरावांना वाकून नमस्कार केला आणि पावती मात्र फाडलीच. मारोतरावांना त्याचं कोण कौतुक. वाटभर सांगत होते, पोरगं घरचं आहे, पण कायद्याला पक्कं आहे.

माझा जवळा बाजारला फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग, पासपोर्ट फोटो, जुने फोटो नवीन करून देणं, हा माझा धंदा, आणि या भागात माझ्यासारखा फोटोग्राफर नाही हे मी नम्रपणे सांगतो. मारोतराव माझ्याकडं पहिल्यांदा आले ते कसल्याशा कार्डासाठी दोन फोटो काढायला. जाताना ते माझ्या बायकोचे लांबचे मामा झालेले होते. त्या दिवसापासून मी त्यांचा जावईबापू आणि माझी मोटारसायकल त्यांची.

त्यांचा पोटापाण्याचा धंदा शेती, पण जीव सोयरिकी जुळवण्यात. जिल्ह्यातल्या किती घरांत त्यांनी जुळवलेली सून नांदते, हे त्या सुनांनाच ठाऊक. घेतात काय, तर टॉवेल-टोपी. टोप्या त्यांच्याकडं इतक्या जमल्या आहेत की त्यांचं बुजगावणंसुद्धा कोऱ्या टोपीत उभं असतं.

आता अशा माणसाने शहीद जवानांच्या स्मारकांची नोंद ठेवायचं काम का हाती घ्यावं? मलाही हे कोडं होतं. त्यांच्या घरी गेलात तर बैठकीच्या भिंतीवर, जिथं बाकीच्यांच्या घरी सासूसासरे आणि नातवंडं लटकलेली असतात, तिथं यांच्याकडं स्मारकं आहेत. गावोगावची. कुठं अर्धपुतळा, कुठं नुसता चौथरा आणि संगमरवरी पाटी, कुठं शाळेच्या फाटकाशी उभी केलेली सिमेंटची बंदूक. आणि प्रत्येक स्मारकाजवळ त्या घरची माणसं. बघणाऱ्याला वाटतं, एवढं सगळं गोत यांचंच. मारोतराव त्याचा गैरसमज दूर करत नाहीत, कारण त्यांच्या हिशेबी तो गैरसमज नाही.

पहिला फोटो शोभाचा. ही पोरगी सेनगाव तालुक्यातली. तिची सोयरीक मारोतरावांनीच जुळवली होती. बैठकीत पोरीच्या बापाला यांनीच छाती ठोकून सांगितलं होतं की पोरगा फौजेत आहे, निर्व्यसनी आहे, आता काळजी सोडा. पोरगा सीमेवरून तिरंग्यात आला. सगळा तालुका लोटला, भाषणं झाली, वर्षभरात शाळेसमोर स्मारक उभं राहिलं. मारोतरावांचं मात्र त्या घराकडं पाऊल वळेना. शेवटी एका दुपारी रिकाम्या हाताने गेले. शोभा ओसरीत शेंगा सोलत होती. तिने विचारलं, "मामा, काय काम काढलं?"

लग्न जुळवताना रात्रंदिवस बोलणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचेना. ते म्हणाले, "काम न्हाई. सहज आलो."

शोभाने हातातली शेंग टोपल्यात टाकली. मग म्हणाली, "मामा, लई दिवसांनी कुणी सहज आलं. आता जे येतं ते हार घेऊन येतं, न्हाई तर कागद घेऊन येतं."

हे मला मारोतरावांनी स्टुडिओत उभ्या उभ्या सांगितलं. हातात त्यांचा फोन होता आणि फोनमध्ये एक भयंकर फोटो. स्मारकाची पायरी, पायरीवर शोभा आणि तिची मुलगी शेंगांच्या टोपल्यासह, आणि एका कोपऱ्यात मारोतरावांचा अंगठा. हा भिंतीवर लावायजोगा करून द्या म्हणाले. मी अंगठा काढून टाकला. बाकी सगळं ठेवलं.

तिथून हे वेड सुरू झालं, आणि माझ्यासारखा चांगला फोटोग्राफर त्यात फुकट ओढला गेला. त्यांचे नियम ऐका. पंधरा ऑगस्टला जायचं नाही, सव्वीस जानेवारीला जायचं नाही, पुण्यतिथीला तर मुळीच नाही. त्या दिवशी सगळं जग तिथं असतं. हार न्यायचा नाही, साडी न्यायची नाही. वीरमाता, वीरपत्नी असले शब्द तोंडातून काढायचे नाहीत. मावशी म्हणायचं, आत्या म्हणायचं, पोरी म्हणायचं. जाऊन बसायचं, चहा मागून घ्यायचा, पाऊसपाण्याचं बोलायचं, नाली तुंबलीय म्हणून घरच्यांना रागवायचं. गेलेल्याचा विषय आपण काढायचा नाही. त्यांनी काढला तर ऐकायचा. आणि उठताना, जमलं तर, स्मारकापाशी एक फोटो.

फोटोवरून आमची हमखास भांडणं. मला वाटायचं, चौथऱ्यावर दोन बादल्या पाणी टाकावं, आजूबाजूचा पसारा उचलावा. एका गावी तर पुतळ्यासमोरच्या चौथऱ्यावर पापड वाळत घातलेले. मी उचलायला गेलो तर मारोतरावांनी हात धरला. म्हणाले, "जावईबापू, पोरगं घरी असतं तर पापड त्याच्याच खाटंवर वाळत घातले असते. राहू द्या." तो फोटो भिंतीवर आहे. पापडांसकट, आणि खरं सांगतो, तो माझ्या हातून निघालेल्या चांगल्या फोटोंपैकी एक आहे.

सगळ्यात मोठा नियम नात्याचा. नातं लागल्याशिवाय ते कुणाच्या दारात जात नसत. त्यांचं म्हणणं असं की परका माणूस दारात आला म्हणजे काही ना काही काम घेऊनच आला. बिनकामाचं येण्याचा हक्क फक्त नातेवाइकाला. त्यामुळं नवीन स्मारक कळलं की आधी आठ-आठ दिवस नात्याचा शोध चाले. यांना फोन, त्यांना फोन. नातं सापडलं की स्वारी माझ्या दारात. एरवी नात्याला ते कुठं अडत नसत. अडले ते सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला असलेल्या एका तांड्यावर.

तांड्याच्या तोंडाशीच विजय नावाच्या पोराचा अर्धपुतळा आहे. वर सिमेंटची छत्री, बाजूने लोखंडी कठडा. पलीकडच्या घरात त्याची आई, धनाबाई. नवरा आधीच गेलेला, लेक लांब दिलेली, सोबतीला शेरडं. चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं की पंधरा ऑगस्टला म्हातारीला खुर्चीवर बसवतात, शाल देतात, आणि मग पुढच्या झेंड्यापर्यंत तिच्याकडं कुणी फिरकत नाही. ती कुणाशी फार बोलतही नाही.

मारोतरावांना हे ऐकून जेवण गोड लागेना. पण तांड्याशी यांच्या गोताची सोयरीक कधी झालीच नव्हती. कितीही डोळे बारीक केले, कितीही छत बघितलं, तरी धागा लागेना. आम्ही दोनतीन वेळा टपरीपर्यंत गेलो, चहा प्यालो आणि उलट्या पावली परत आलो. शेवटी मी वैतागलो. म्हटलं, नोंद करायला आलो म्हणून सांगा आणि मोकळे व्हा.

"नोंद करायला तलाठी जातो. मी काय तलाठी हाय?"

"मग माणूस म्हणून जा."

"ते तर टपरीवाला बी हाय," ते म्हणाले. "तो गेला का?"

मी किक मारली.

भिंतीवर त्यांनी त्या फोटोची जागा मोकळी ठेवली होती. खिळा ठोकलेला, वर काही नाही. मी गेलो की माझी नजर त्या खिळ्यावर जायची आणि मारोतराव मुद्दाम दुसरीकडं बघायचे. त्या दिवसांत त्यांनी एक जुळत आलेली सोयरीक लक्ष न दिल्यामुळं मोडू दिली. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

मग पोळ्याच्या आधी ते त्यांच्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, एक फोटो घेऊन आले. कडा फाटलेल्या, मधोमध घडी पडलेली. वडील धोतर-पटक्यात उभे आणि शेजारी एक धिप्पाड बैल. मी कॉम्प्युटरवर घडी पुसत बसलो होतो. बैलाच्या शिंगाचा भाग उडालेला होता, म्हणून सहज विचारलं, याची शिंगं कशी होती?

"हिरा त्याचं नाव. शिंगं सरळ, उभी. अख्ख्या जवळा बाजारात असा बैल नव्हता. दादांनी तांड्यावरून आणला होता, सिद्धेश्वरच्या..."

एवढं बोलून ते थांबले. डोळे बारीक झाले, नजर छताकडं गेली, आणि माझ्या स्टुडिओत मांडीवर अशी थाप बसली की बाहेर बसलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं. त्या फोटोची मोठी प्रत काढून घेऊन ते दुसऱ्याच दिवशी मला तांड्यावर घेऊन गेले. उपवर मुलाचा फोटो नेतात तसा बैलाचा फोटो पिशवीत, कोऱ्या टॉवेलात गुंडाळलेला.

धनाबाई अंगणात मूग पाखडत होती. आम्हाला बघून तिने सूप थांबवलं नाही. कोण पाहिजे, काय काम आहे, एवढंच विचारलं.

"काम न्हाई. सहज आलो," मारोतराव म्हणाले.

"सहज? तुमी कोन माझे?"

मारोतरावांनी टॉवेल सोडून फोटो पुढं केला. "ह्याला वळखता का?"

तिने सूप खाली ठेवलं, फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाली, "बैल हाय."

मग मारोतराव बोलू लागले. मी त्यांना अनेक बैठकांत बोलताना ऐकलंय, पण त्या दिवसासारखे ते कधीच बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लेक दिली-घेतली की दोन घरं व्याही होतात. लेक म्हणजे काय, तर आपल्या घरचा जीव दुसऱ्याच्या घरी नांदायला देणं. तुमच्या तांड्याने हिरा आमच्या घरी दिला, तो मरेपर्यंत आमच्या दावणीला नांदला. म्हणजे आम्ही तुमचे व्याही झालो.

मी मोटारसायकलच्या आरशात बघत हसू दाबत होतो. धनाबाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ती नीट विचार करत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "पर बैल म्हंजे लेक कशी? बैल म्हंजे पोरगा. पोरगा तुमच्या घरी नांदला, म्हंजे घरजावई झाला."

मारोतराव गडबडले. नात्याच्या बाबतीत त्यांची चूक कुणी काढावी, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. "चालतंय की," ते चाचरत म्हणाले, "घरजावई."

"तांड्यातला बैल म्हंजे आमच्याच घरचा," ती म्हणाली. "मग मान कोनाचा? तुमचा का आमचा?"

"तुमचाच, विहीणबाई."

तेव्हा धनाबाई हसली. चांगली खळखळून हसली. शेजारच्या घरातून एक बाई बाहेर येऊन बघून गेली. मग हसता हसताच तिने फोटो पुन्हा हातात घेतला, बैलाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "चांगलं सांभाळलं का त्याला?"

मारोतरावांनी सांगितलं की हिरा म्हातारा झाला तरी त्याला बाजार दाखवला नाही. मेला तेव्हा बांधावरच्या निंबाखाली पुरला. वडील होते तोवर दर पोळ्याला त्या जागी नारळ फोडायचे, आता हे फोडतात.

धनाबाईने सूप जवळ ओढलं, पुन्हा बाजूला सारलं. "म्हंजे त्याची बी जागा हाय," ती हळू म्हणाली. मग हात लांब करून तिने तांड्याच्या तोंडाशी असलेल्या छत्रीकडं दाखवलं. "आमच्या विजयची तिथं हाय. पर तो लांब गेला नांदायला. त्याला तिथं कुनी कसं सांभाळलं, ते मला कुनी सांगितलं न्हाई."

तिथं आम्ही बराच वेळ बसलो. ती विजयबद्दल बोलत होती. शेरडांना नावं कशी द्यायचा, धरणात पोहायला जायचा म्हणून मार कसा खायचा. मारोतराव फक्त हूं हूं करत होते. मला त्या दिवशी कळलं की या माणसाला आजवर मी नुसता बडबड्या समजत होतो. ऐकण्याच्या बाबतीतही त्यांच्यासारखा माणूस मी पाहिलेला नाही.

उठताना फोटो काढला. कठड्याला एक शेरडू बांधलेलं होतं. माझा हात सवयीने दोरीकडं गेला, तर धनाबाईच म्हणाली, "असू दे त्याला. रोज इथंच असतं." मारोतरावांनी माझ्याकडं असं बघितलं की मी निमूट मागं सरकलो.

खिळ्यावर फोटो लागला, एक प्रत धनाबाईच्या घरी गेली आणि एक नवी विहीण आमच्या आयुष्यात आली. धनाबाईने विहिणीचा मान पुरेपूर वसूल केला. महिनाभर गेलो नाही की ती रुसलेली असायची. चहा पुढं करून तोंड फिरवायची, आमच्या घरजावयाच्या जिवावर शेती पिकवली आणि आता आमची आठवण नाही म्हणायची. मारोतराव हात जोडून चुकलं म्हणायचे आणि परत येताना गाडीवर मागं बसून गुणगुणायचे.

हा झाला गमतीचा भाग. एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आली. एवढ्या घरी सहज जाणाऱ्या या माणसाच्या घरी सहज कोणी येत नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी पुण्यात, प्रेमळ, पण फोनवर. दारात येणारा प्रत्येक जण पोराची पत्रिका घेऊन यायचा. मीसुद्धा जायचो तो कुठंतरी न्यायलाच.

मागच्या पावसाळ्यात ते ओसरीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. हिंगोलीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलगी आली, रजा होती तोवर राहिली, आणि यांनीच तिला परत पाठवलं. मी म्हटलं, शोभाला कळवतो, बाकीच्यांना कळवतो, सगळे धावत येतील. तर अंगावर आले. पडलेल्या माणसाला बघायला येणं हे काम झालं, म्हणाले. सफरचंदं घेऊन येतील, तोंड पाडून बसतील. कुणाला कळवायचं नाही. मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मी पेपर वाचून दाखवला तर ऐकत नव्हते. नर्सचं गावसुद्धा त्यांनी विचारलं नव्हतं. तेव्हा मी खरा घाबरलो.

मी शब्द पाळला, कुणाला कळवलं नाही. पण माझ्या प्रत्येक फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का असतो आणि शिक्क्यात नंबर. एक दिवस धनाबाईचा फोन आला. "व्याही काहून येऊन न्हाई राहिले?" मला खोटं बोलता आलं नाही. हाडाचं आणि दवाखान्याचं सांगितलं, आणि भेटायला आलेलं त्यांना चालत नाही, हेही सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी दुपारी वॉर्डाच्या दारात आवाज चढलेला ऐकू आला. नर्स कुणाला तरी सांगत होती की आत फक्त नातेवाईक. मी उठून बघितलं, तर घागरा, हातभर बांगड्या आणि डोक्यावर पदर घेतलेली धनाबाई. काखेत एक गाठोडं.

"कोण लागता तुम्ही पेशंटच्या?" नर्सने विचारलं.

"व्याही हायेत माझे."

नर्सने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मुलगी दिली का मुलगा?"

"बैल," धनाबाई म्हणाली आणि नर्सला बाजूला सारून आत आली.

मारोतराव डोळे मिटून पडले होते. बांगड्यांच्या आवाजाने त्यांनी मान वळवली. क्षणभर ते माझ्यावर संतापणार असं वाटलं. पाय फळीला बांधलेला, दाढी वाढलेली, असल्या अवस्थेत विहीण समोर. ते कसंबसं म्हणाले, "विहीणबाई, काय काम काढलं?"

धनाबाईने स्टूल ओढलं, त्यावर बसली, गाठोडं मांडीवर घेतलं. पायाकडं तिने एकदाही बघितलं नाही.

"काम न्हाई," ती म्हणाली. "सहज आले. या बाजूनं चालले होते."

तांड्यावरून हिंगोलीला यायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागतात, आणि तिला या बाजूला कुठंच जायचं नसतं. हे मला माहीत होतं आणि मारोतरावांनाही. तिने हाडाचं नाव काढलं नाही, दुखतंय का विचारलं नाही. शेरडाला दोन पिलं झाली, धरणाचं पाणी वाढलं, टपरीवाला चहात पाणी घालायला लागला, असं सांगत बसली. मारोतरावांनी तोंड भिंतीकडं वळवलं होतं. त्यांचे खांदे हलत होते. तिने ते बघितलं आणि टपरीवाल्याचंच पुढं सांगत राहिली.

बऱ्याच वेळाने त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि माझ्यावर डाफरले. "जावईबापू, उभे काहून राहिले? विहीणबाईला चहा सांगा. साखर जास्त. न्हाई तर रुसतेत."

मी जिना उतरलो तो रडतच. चहावाल्याने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी गेलं नाही, आमच्याकडं पाव्हणे आलेत. तीन चहा घेऊन वर आलो तेव्हा ती नर्स कॉटजवळ उभी होती आणि मारोतराव डोळे बारीक करून छताकडं बघत तिला विचारत होते, तिच्या मामाचं गाव कोणतं.